बोट लावायचं नाही

माळ्यावरून तंबू काढला तो दुपारी, झोप येत नव्हती म्हणून. पिशवीची नाडी सैल केली आणि असा भपकारा आला, की आत उंदीर मेलाय असं वाटून मी टॉर्च घेऊन आलो. उंदीर नव्हता. तंबूच गेला होता. कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, सोडवायला गेलो की चर्र आवाज आणि बोटांना शिळ्या गोंदासारखं काहीतरी. मागच्या खेपेला पावसातून परतल्यावर 'उद्या वाळत घालू' म्हणून ओलाच कोंबला होता. तो उद्या गेली तीन वर्षं यायचा राहिलाय. कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमट अंधारात पडून राहिला की पाणी त्याला आतून तोडत जातं. आधी तो चिकट होतो, मग वास मारतो, मग खपल्या निघतात. हे सगळं मला पाठ होतं. चार जणांना मी ते सांगितलंही होतं, जरा वरच्या पट्टीत.

घरात फक्त 'नवीन घ्यावा लागेल' एवढंच जाहीर केलं. बायकोने काही न बोलता मान हलवली, कारण तिला माझी खरेदी माहीत आहे. आम्ही राहतो ते घर मी एका संध्याकाळी पसंत केलं होतं. तंबूला साडेतीन आठवडे लागले.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने ते बिऱ्हाड कधी काट्यावर ठेवून पाहिलं नसणार. मी पाहिलं. जुन्या तंबूच्या खुंट्या तेवढ्या शाबूत होत्या, त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून मोजल्या. एक खुंटी 14 ग्रॅम. तीन खुंट्यांना माती लागली होती, ती पुसून पुन्हा मोजल्या. सगळ्या बदलून टायटॅनियमच्या घेतल्या तर साठ-सत्तर ग्रॅम वाचतील, असा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून मी बराच वेळ समाधानाने बसलो. माझ्या सॅकमध्ये दर वेळी एक जाडजूड पुस्तक असतं, आजवर एकाही मुक्कामात न उघडलेलं. ते मी काट्यावर ठेवलं नाही.

तंबूवाले वजनं दोन सांगतात, हे या निमित्ताने नीट कळलं. ठळक अक्षरांत किमान वजन. त्यात आतला तंबू, वरचा फ्लाय म्हणजे पाऊस झेलणारं बाहेरचं कापड, आणि पोल, बास. खुंट्या, ताण द्यायच्या दोऱ्या, पिशव्या हे सगळं धरून जे होतं ते बांधलेलं वजन, आणि ते बारीक अक्षरांत. एक पाय जमिनीवर टेकवून काट्यावर उभं राहण्यातलाच प्रकार. तंबू काही खुंट्यांवाचून वाऱ्यात उभा राहायचा नाही, पण कागदावर राहतो.

आणि 'दोन माणसांचा'! हा शब्द पहिल्यांदा ज्याने लिहिला त्याने माणसं उभी मोजली असावीत. नेहमीची झोपायची मॅट 51 सेंटिमीटर रुंद असते. दोन मॅट म्हणजे 102. हलक्या तंबूंत डोक्याकडे 130 सेंटिमीटर आणि पायाकडे 107 वगैरे जागा असते, शवपेटीसारखी निमुळती. म्हणजे पायाशी दोघांत मिळून पाच सेंटिमीटर शिल्लक. त्यात बूट, सॅक आणि मध्यरात्री एकाला बाहेर जायचं असलं तर दुसऱ्याच्या अंगावरून होणारं सीमोल्लंघन. माझा हिशेब सोपा आहे. जो आकडा लिहिलाय त्यातून एक वजा करायचा. उरलेल्याचं उशीशिवाय काही नडत नाही.

कापडाशी आलो तेव्हा मात्र मी खरा अडकलो. हलक्या तंबूचं कापड 15 किंवा 20 डिनिअरचं असतं, कधी त्याहूनही बारीक. डिनिअर म्हणजे त्या धाग्याचं 9000 मीटर लांबीचं वजन, ग्रॅममध्ये. नऊ किलोमीटर धागा आणि वजन 15 ग्रॅम, माझ्या एका खुंटीएवढं! त्याच्याखाली माणसं वादळात झोपतात. सिलिकॉन चढवलेलं नायलॉन फाटायला चिवट, पण पाणी पिऊन सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री पोट सोडतो आणि बाहेर जाऊन दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर तसं सैल पडत नाही, उन्हातही जास्त टिकतं, मात्र त्याच जाडीच्या नायलॉनइतकं चिवट नाही. डायनीमा या चिवट कृत्रिम धाग्याचं कापड ना ताणलं जातं ना पाणी पितं, वजनाला पतंगाच्या कागदासारखं, आणि किंमत विचारली की माणूस आपोआप नायलॉनच्या बाजूने बोलायला लागतो. मी बोलायला लागलो.

एकेरी भिंतीचा तंबू आणखी हलका पडतो, तोही पाहिला. पण त्यात रात्रभराचा श्वास कापडावर जमतो आणि पहाटे तोच थेंबाथेंबाने तोंडावर. सकाळी अंथरूण ओलं दिसलं की लोक शपथेवर सांगतात, तंबू गळला. तो गळलेला नसतो बहुतेक वेळा. पाणी आतलंच असतं. मी जाळीचा आतला तंबू आणि वर वेगळा फ्लाय, अशा दुहेरीवर आलो, तीनशे ग्रॅम जास्त सोसून.

मग वॉटरप्रूफपणा. फ्लायचं कापड 1200 मिलिमीटरचं, तळ 3000 मिलिमीटरचा, असे आकडे असतात. हे मिलिमीटर पावसाचे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. ते पाण्याच्या स्तंभाच्या उंचीचे. कापड घट्ट आवळून धरायचं, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, दुसरीकडे बघत बसायचं. पहिला थेंब आला तरी थांबायचं नाही. दुसरा आला तरी नाही. तिसऱ्या ठिकाणी थेंब उगवला की तो दाब लिहून घ्यायचा. तिसरा थेंब. दोन गुन्हे माफ, अशी ही परीक्षा आहे, आणि त्या दुपारी हे वाचता वाचता मी चष्मा काढून ठेवला.

कारण मी तिसरा थेंब पाहिलेला आहे.

सहावीत होतो. शाळेचं शिबिर होतं, दोन रात्रींचं. तंबू जाड सुती कॅनव्हासचे, हिरव्याचे मातकट झालेले, एकेक उचलायला चार मुलं लागायची. आत गवत, ओलं कापड आणि रॉकेलचा मिळून एक वास होता, तो वास मला आजही कुठे आला तर पोटात कालवतं, भीतीने की आनंदाने ते ठरवता येत नाही. एका तंबूत आठ जण. सरांनी दारात वाकून एकच नियम सांगितला होता. पाऊस आला तर आतून कापडाला बोट लावायचं नाही. का, ते सांगितलं नाही. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी वरच्या वर तोलून धरलं जातं. आतून बोट टेकलं की तो तोल मोडतो आणि पाण्याला आत यायला वाट मिळते. एवढं सांगितलं असतं तर मी बोट लावलं नसतं. किंवा लावलंच असतं, सांगवत नाही.

पाऊस आला अकराच्या सुमाराला. आधी वेगवेगळे थेंब ऐकू येत होते, मग सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला. कंदील विझवला होता. सगळे झोपले होते किंवा झोपल्यासारखे पडले होते. माझी जागा कडेला, त्यामुळे कापड उतरत उतरत माझ्या तोंडापासून वीतभरावर आलेलं. अंधारात ते दिसत नव्हतं, पण तिथे आहे हे कळत होतं, एखादं मोठं गार जनावर शेजारी श्वास घेत असल्यासारखं. मी करंगळी लावली. करंगळीला बोट म्हणत नाहीत, असं काहीतरी डोक्यात होतं. काहीच झालं नाही. गार लागलं, इतकंच. मग जरा वर, शेजाऱ्याच्या बाजूला, तर्जनी लावली आणि दाबली. चांगली दाबली.

पहिला थेंब कुठे पडला कळलं नाही. दुसरा माझ्या मनगटावर पडला. तिसरा शेजाऱ्याच्या चादरीवर, टप्प असा आवाज करून. मग त्यांना लय सापडली. मी हात चादरीत ओढून घेतला, डोळे गच्च मिटले आणि बराच वेळ मोजत राहिलो. शेजारचा जागा झाला नाही. तो एकदा कुशीवर वळला, तेही ओल्याच बाजूला.

कापडाला बोट लागलंच तर ते तसंच खाली ओढत जमिनीपर्यंत न्यायचं, म्हणजे पाणी त्या रेषेवरून मुकाट खाली उतरतं. हा उतारा मला चाळिशीत कळला.

सकाळी चादर पाहिल्यावर काय झालं ते लिहायला नकोच. अकरा वर्षांच्या आठ मुलांच्या तंबूत एकाची चादर बरोबर मधोमध ओली, म्हणजे निकाल लागलेलाच. तो म्हणत होता, वरून गळलं. सगळ्यांनी वर पाहिलं. पाऊस थांबला होता, ऊन आलं होतं, कापड कोरडं व्हायला लागलं होतं. सर सुद्धा हसले, वाईट हेतूने नाही. त्याचं नाव दुपारपर्यंत 'नळ' पडलं. मी शिबिरभर त्याची सतरंजी घडी करायला मदत केली, परत येताना त्याला खिडकीची जागा दिली. आणि तोंड उघडलं नाही.

असो. तंबूकडे येतो.

हलकेपणाचं वेड काही आजचं नाही, याने मला जरा धीर आला. अल्बर्ट ममरी नावाचा इंग्रज गिर्यारोहक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेशमी तंबू वापरायचा आणि खांब म्हणून हातातल्या बर्फकुऱ्हाडीच उभ्या करायचा. आजचे लोक चालायच्या काठ्यांवर तंबू उभारून वजन वाचवतात ती हीच युक्ती. ममरी 1895 मध्ये नंगा पर्वतावर गेला, तो परत आला नाही. त्यात तंबूचा दोष नव्हता.

पण मला खरं गप्प केलं ते एमा गेटवुड या बाईंनी. अकरा मुलांची आई, वय 67. 1955 साली अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल, तीन हजार किलोमीटरच्या वर, एकटीने एका दमात चालून काढली. खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट. तंबू नव्हताच. पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा घेतला होता. डिनिअर किती, स्तंभ किती मिलिमीटर, बाईंनी विचारलं नसावं. हे वाचलं तेव्हा माझ्यापुढे नऊ तंबूंचा तक्ता उघडा होता, एका रकान्यात चेनच्या दातांचा आकार होता. आमच्या न्हाणीघरातला पडदा मी जाऊन हातात धरून पाहिला. जड आहे. नाही जमणार.

तंबू आला. बांधलेलं वजन 1 किलो 640 ग्रॅम, लिहिलं होतं त्यापेक्षा 30 ने जास्त. मी ते मनावर घेतलं नाही, म्हणजे दोन दिवसांनी सोडून दिलं. दिवाणखान्यात टेबल सरकवून उभा केला. खुंट्यांच्या जागी खुर्च्यांचे पाय. मुलगी कॉलेजमधून आली, तिने दप्तर न काढता आत डोकं घातलं आणि म्हणाली, "बाबा, हा दोघांचा?"

"एकाचा."

"मग दोघांचा का लिहिलंय?"

तिला शेवटी वहीतला हिशेब दाखवला. नंतर झाडांना पाणी मारायचा फवारा भरून तिच्या हातात दिला आणि फ्लायवर मारायला सांगितलं. जमिनीवर जुनी चादर अंथरली होती, तरी बायको दारात उभी राहून बघत होतीच. मी आत जाऊन पडलो. बाहेरून सरसर आवाज यायला लागला. कापड इतकं पातळ की पलीकडून तिचा हात फिरताना दिसत होता आणि एकेक थेंब घरंगळताना. मुद्दामच आतल्या तंबूची चेन उघडी ठेवली होती. फ्लाय माझ्या तोंडापासून वीतभरावर.

गेल्या वर्षी शाळेच्या बॅचचा मेळावा झाला. तो आला होता, पिकल्या केसांचा, मोठ्या हुद्द्यावरचा. लांबून कुणीतरी 'अरे नळ्या' म्हणून हाक मारली आणि त्याने हात वर केला, हसत. मी जवळ गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. मग मीही 'नळ्या' म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

तर्जनी वर नेली. कापडाला लावली. दाबली, चांगली दाबली. सिलिकॉनचं कापड, त्याला काय होतंय. बोट तिथेच ठेवून मी वाट पाहत राहिलो. बाहेर फवाऱ्यातलं पाणी संपल्याचा खरखर आवाज आला.

"बाबा, गळतंय का?"

"नाही," म्हटलं. "हा नाही गळत."