सत्त्याऐंशी सेंटांचा ताळा

आमच्याकडे चिल्लर ठेवायला श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून तो भरत नाही आणि रिकामाही होत नाही. परवा भाचीनं तो सतरंजीवर उपडा केला आणि मोजायला बसली. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा आकडा वेगळा. मला बाबा आठवले.

बाबा बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी यायला उशीर झाला की आई दारातच विचारायची, "किती?" म्हणजे वाजले किती नव्हे, कॅश कितीनं कमी आली. एकदा सात रुपये शॉर्ट आले. रात्री नऊपर्यंत बंडलं पुन्हा पुन्हा मोजून झाली, शेवटी बाबांनी खिशातून भरले. ते सात रुपये त्या रात्री आमच्या पंगतीला बसले होते. कोणी काही बोललं नाही.

शाळेत अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही प्रसिद्ध गोष्ट ऐकून मी घरी आलो आणि बाबांना सांगितली. नाताळच्या आदल्या दिवशी डेलाकडे फक्त 1 डॉलर 87 सेंट असतात. त्यातले साठ सेंट एकेका सेंटाच्या नाण्यांत. वाण्याशी, भाजीवाल्याशी, खाटकाशी घासाघीस करून वाचवलेले. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून ती केस विकते, आणि तो तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळ विकून बसलेला असतो. ऐकणारा इथं गहिवरतो. बाबा म्हणाले, "साठ सुटे गेले, उरले एक सत्तावीस. सव्वा डॉलर धरला तरी वरचे दोन सेंट कुठून आले? त्यांच्यात दोनचं नाणं असतं का?"

मला कुठं ठाऊक? पुष्कळ वर्षांनी शोधलं. अमेरिकेत पाच, दहा, पंचवीस, पन्नास सेंटांची नाणी. त्यांतून सत्तावीस काही होत नाहीत. दोन सेंटांचं नाणं होतं, पण ते पाडणं 1873 मध्येच बंद झालं. तीन सेंटांचं 1889 मध्ये. गोष्ट छापून आली 1905 च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या एका रविवारच्या पुरवणीत. म्हणजे डेलाच्या हातात एखादं जुनं नाणं आलं असणार, नाहीतर लेखकाची बेरीज चुकली असणार.

आणि गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी की हा लेखक कॅशियर होता.

त्याचं खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म 1862 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत. तीन वर्षांचा असताना आई क्षयानं गेली. काकांच्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधता बांधता एकोणिसाव्या वर्षी त्यानं औषधविक्रेत्याचा परवाना मिळवला. मग टेक्सास, मेंढ्यांचा मळा, सरकारी जमीन खात्यात नकाशे काढणं आणि 1891 पासून ऑस्टिनमधल्या एका बँकेत काउंटरवर. तिथं हिशेबात घोळ निघाला. दोषी ठरला तेव्हाची रक्कम साडेआठशे डॉलरांच्या आसपास होती. त्यानं पैसे खाल्ले की ढिसाळ कारभारात तो सापडला, यावर चरित्रकारांचं अजून एकमत नाही. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सही ज्याची, गळा त्याचा.

खटल्याच्या तोंडावर हा गडी गाडी बदलून पळाला, न्यू ऑर्लिन्समार्गे थेट होंडुरासला. केळींच्या व्यापाऱ्यांच्या तालावर चालणाऱ्या देशांना आज आपण 'बनाना रिपब्लिक' म्हणतो, तो शब्द या पळपुट्या मुक्कामाच्या कथांतून आला. बायको क्षयानं अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा अटक होणार हे माहीत असून तो परतला. 1897 च्या जुलैत ती गेली. पुढच्या एप्रिलात तो ओहायोच्या तुरुंगात दाखल झाला. शिक्षा पाच वर्षांची. चांगल्या वागणुकीमुळे तीन वर्षांत सुटला. जुना परवाना इथं कामी आला, तुरुंगाच्या दवाखान्यात त्याला रात्रपाळीचं औषधाचं काम मिळालं. तिथंच रात्री तो लिहायचा. न्यू ऑर्लिन्समधला एक मित्र गोष्टी पुढे पाठवायचा, म्हणजे पाकिटावर तुरुंगाचा शिक्का नको. लेकीला सांगितलं होतं, बाबा कामानिमित्त बाहेरगावी आहेत.

त्याच्या कथांचे कलाटणीचे शेवट मला सगळेच पटत नाहीत. न्यूयॉर्कला आल्यावर वर्तमानपत्राला दर आठवड्याला एक गोष्ट शंभर डॉलरांत द्यायची म्हटल्यावर काही कलाटण्या ओढूनताणून येणारच. पण ज्याच्या घरातच एवढं मोठं गुपित वर्षानुवर्षं सांभाळलं गेलं, त्याला वाचकापासून शेवटचं पान झाकून ठेवणं कोणी शिकवायला नको.

मला त्याच्या कथेत कलाटणीपेक्षा मोजणी जास्त ऐकू येते. 'द लास्ट लीफ'मधली आजारी पोरगी खिडकीबाहेरच्या वेलीची पानं उलटी मोजत असते, बारा, अकरा, दहा. डॉक्टर थर्मामीटर झटकत सांगतो, दहात एक आशा. आई आणि बायको दोघी क्षयानं गेलेल्या माणसानं असली मोजदाद जवळून ऐकली असणार. तिजोरीफोड्या जिमी व्हॅलेंटाइनची कथा तर तुरुंगातल्या जोड्यांच्या कारखान्यातच सुरू होते, आणि चार वर्षांच्या शिक्षेतले किती महिने झाले याचा हिशेब आधी मिळतो. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्याजोगी माणसं चारशेच, असं उच्चभ्रूंत बोललं जायचं. यानं 1906 च्या संग्रहाचं नाव ठेवलं 'द फोर मिलियन' आणि प्रस्तावनेत म्हटलं की त्यापेक्षा शहाणा माणूस आता आलाय, खानेसुमारीवाला. म्हणजे पुन्हा मोजणाराच!

स्वतःचे पैसे मात्र त्याच्या हातात टिकले नाहीत. संपादकांकडे आगाऊ मागणं कायमचं, दारूही भरपूर. 1910 च्या जूनमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

डेलाच्या हिशेबाकडे मी नंतर पुन्हा गेलो. केसांचे वीस डॉलर आले, जवळ 1.87 होते. साखळी एकवीसची. उरले सत्त्याऐंशी सेंट, आणि ती तेवढेच घेऊन घरी पळत सुटते, असं त्यानं लिहिलंय. हा ताळा अगदी सेंटाला जुळतो. सुरुवातीच्या त्या दोन सेंटांचं काय झालं कोण जाणे, पण शेवटची शिल्लक चोख आहे.

ॲशव्हिलमध्ये त्याची साधी कबर आहे. वाचक तिथं येतात आणि दगडावर सुटे पैसे ठेवतात, बरोबर 1 डॉलर 87 सेंट. बाबा तिथं गेले असते तर फूल नंतर वाहिलं असतं. आधी विचारलं असतं, हे रोज मोजतं कोण?