आप्पांचा टाळ

आषाढी एकादशीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापाशी आमच्या गल्लीतली चौदा माणसं जमली, तेव्हा त्यातली निम्मी माझ्यावर आधीच रुसलेली होती. दिंडी अजून हललीसुद्धा नव्हती.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, ते एकादशीला नंदवाळला चालत जातात. करवीर तालुक्यातलं हे गाव म्हणजे आमचं प्रतिपंढरपूर. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. पालखी, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पुईखडीला घोड्याचं रिंगण, सगळं एका दिवसात. गल्लीची माणसं नेण्याचं काम वर्षानुवर्षं एक म्हातारे शेजारी करायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी जवाब दिला आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. का, तर "तू फौंड्रीत शंभर माणसं हाकतोस की!"

हाकतो खरा. शिरोलीत भट्टीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तेही दोन शब्दांत. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मी असाच निरोप टाकला होता: "पावणेसात, तिकटी. उशीर केला तर थांबणार नाही." रुसवे त्याचेच.

मजा अशी, की मागच्याच वर्षी कंपनीनं आम्हा सुपरवायझरांना दोन दिवस हॉटेलात बसवून स्वभाव ओळखून बोलायचं ट्रेनिंग दिलं होतं. विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२८ साली माणसाच्या वागण्याचे चार प्रकार मांडले, त्यावरून पुढं ही पद्धत निघाली. एक हुकूम सोडणारा, एक गप्पिष्ट, एक सांभाळून घेणारा, एक मोजूनमापून चालणारा. वंडर वुमन हे पात्रही त्याच गड्यानं काढलं, हे कळल्यावर मागच्या बाकावरची पोरं जागी झाली. माझ्या लक्षात मात्र तिथलं जेवण तेवढं राहिलं.

खंडोबा तालमीपर्यंत मास्तरांनी मला चार वेळा विचारलं, "पुईखडीला किती वाजता?" मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. मी दरवेळी तेच सांगितलं, "पोचू की मास्तर, माउली नेतील." पाचव्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही, बंदोबस्तावरच्या पोलिसाला विचारलं. ते मला लागलं. माझ्या लेखी मी त्यांना धीर देत होतो, आणि त्यांच्या लेखी मी त्यांना उडवून लावत होतो.

जुन्या वाशी नाक्याच्या अलीकडं मी त्यांच्या शेजारून चालू लागलो. म्हटलं, "मास्तर, वेळेचा हिशोब तुमच्याकडं घ्या. कुठं किती वाजता पोचलो, पुढं किती राहिलं, सगळं." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. तिकटीपासूनच्या वेळा तिच्यात आधीच लिहिलेल्या होत्या! माणूस परवानगीची वाट बघत होता फक्त.

मेव्हण्याचं उलटं. त्याला वेळ सांगितली की तो हटकून मागं राहतो. रस्त्यात कुणी केळी वाटतंय, कुणी शाबूची खिचडी, कुणी चहा. प्रत्येक मांडवात ह्याच्या ओळखीचा एकजण असतोच. मी दोनदा मागं जाऊन त्याला ओढून आणला. तिसऱ्यांदा दमलो, आणि पोरांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पावणं, तुम्ही नसला की गजराला आवाज चढंना बघा." गडी खिचडीचा द्रोण तसाच हातात घेऊन पुढं पळत आला. "दाजी, आधी सांगायचं न्हाई व्हय!" ह्याला कुणी चापलुसी म्हणेल. पण त्याचा आवाज खरंच खणखणीत आहे, आणि गेल्या वीस वर्षांत मी ते त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

काकींना असलं काही लागत नाही. त्यांना मी 'पाऊस वाढला तर असं करू, नाहीतर तसं करू' असं समजावत होतो, तर त्यांनी मधेच तोडलं, "थांबायचं का चालायचं, तेवढं सांग. मी निघालो." आमच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात. काकी तर निघालो म्हणेपर्यंत पोचलेल्या असतात.

एक कबूल करतो. वारीत लहानथोर सगळे एकमेकांना माउली म्हणतात. पाय लागला तरी माउली, वाट मागायची तरी माउली. मी राधानगरी रस्त्याला लागेपर्यंत 'सरका, सरका' करत होतो.

राहिले आप्पा. आप्पा सात वेळा आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेले. दिवसभरात दहा वाक्यं बोलतील तर शपथ. पण एकदा त्यांनी मला तिथल्या समाजआरतीचं सांगितलं होतं. मुक्कामाला सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी तेवढी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मगच ते टाळ थांबतात.

पुईखडीला पाऊस उघडला. गोल रिंगणात अश्व धावला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, मेव्हणा चिखलात लोळून उठला, काकींनी फुगडी घातली. मग विसावा झाला. आमची माणसं कडेला ओल्या गवतावर बसली, टाळ गळ्यात लोंबकळत ठेवून केळी खाऊ लागली. आणि मला आवाज आला. बारीक, एका लयीत. आप्पा एका दगडावर बसून, कुणाकडं न बघता, टाळ वाजवत होते.

आधी वाटलं, म्हातारा तंद्रीत आहे. मग ती समाजआरती आठवली.

सवयीप्रमाणं तोंडात आलंच होतं, "काय आप्पा, काय होतंय?" त्यावर "काय न्हाई" एवढंच आलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दोन कप चहा आणला, एक त्यांच्या हातात दिला आणि नुसता बसलो. मला गप्प बसणं फार अवघड जातं. चहा संपला. वाशीच्या बाजूनं परत ढग आले. मी कपाचा चोळामोळा केला, परत सरळ केला.

"टाच सोलली," आप्पा म्हणाले. "नवी चप्पल." थोड्या वेळानं आणखी, "काकीला बोलू नगंस. रिक्षात घालंल ती मला."

ते खरं होतं. काकींनी पाच मिनिटांत रिक्षा उभी केली असती आणि आप्पा पुन्हा कधी वारीला आले नसते. मेव्हण्याला सांगावं तर नंदवाळला पोचायच्या आधी सगळ्या दिंडीला कळलं असतं. मी टाचेला रुमाल बांधला, माझे जुने सँडल त्यांच्या पायात घातले, चप्पल माझ्या पिशवीत टाकली आणि मास्तरांकडं गेलो. म्हटलं, "मास्तर, वहीत बघा बरं, आपण लवकर तर चाललो नाही?"

मास्तरांनी आधी माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग दगडावरच्या आप्पांकडं. मग चष्मा पुसला, वही उघडली, बोट फिरवलं.

"वीस मिनिटं लवकर आहोत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इथून पुढं सावकाश चालायचं. काकी, तुम्हीपण."

"वहीत हाय तर हाय," काकी म्हणाल्या आणि शेवटच्या ओळीत येऊन उभ्या राहिल्या. मी मागं वळून पाहिलं. आप्पांचा टाळ थांबला होता.