आमच्या फुटबॉलच्या सरांना का काढलं?

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून कमिटीतल्या मित्राचा फोन आला तेव्हा लगेच हो म्हटलं, कारण कॉलेजबद्दल मला एवढी एकच गोष्ट लिहायची होती.

१९९८ चं साल. वर्ल्डकपनं अख्खं कोल्हापूर येडं झालेलं, शिवाजी पेठ काय नि मंगळवार पेठ काय, गल्लोगल्ली ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे, आणि फायनलला फ्रान्सच्या झिदाननं दोन कॉर्नरवर दोन हेडर घालून ब्राझीलला गार केलं, ३-० नं गेली मॅच. रात्रभर जागलेलो आम्ही, तरी सरांनी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर चिखलात उभं केलं आणि तेच कॉर्नर परत परत घालून घेतले. म्हणाले, "डोकं शेवटी लागतंय रं, आधी तो कुठनं पळत आला ते बघितलासा का?" मी स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावाला खेळायचो, कॉर्नरला माणूस कसा धरायचा हे त्या सकाळी शिकलो.

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, आमच्या टीममध्ये पोरं अशा वेगवेगळ्या तालमींची. शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या अंगावर जाणारी, त्यामुळं सुरुवातीला एक दुसऱ्याला पासच देईना. सरांनी तालमीची जर्सी सरावाला बंद केली आणि सराव संपला की सगळ्यांना गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजायचे, स्वतःच्या खिशातनं. मानधन किती मिळत होतं ते आम्हाला नंतर कळलं, तेव्हा लाज वाटली.

त्या वर्षी झोनल, म्हणजे आमच्या विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा जिंकलो. पुढच्या, विभागाविभागांतल्या इंटरझोनलला दहा दिवस राहिलेले आणि सकाळी जिमखान्याला कुलूप, शिपाईमामा म्हणाले सर उद्यापासून येणार नाहीत. बास, एवढंच. आम्ही अकरा जण ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, हा प्रशासकीय विषय आहे, तुम्ही अभ्यासाकडं बघा. सरांच्या घरी गेलो तर ते म्हणाले, "मलाबी सांगितलं न्हाई पोरांनो." त्यांनी लेखी विचारलं होतं, पण कायम नोकरी नाही त्यामुळं ऑर्डर नाही, नोटीस नाही, भांडायचं तरी कशावर.

इंटरझोनलची पहिलीच मॅच हरलो, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण कारण सांगितलं नाही म्हटल्यावर पेठेत लोकांनी आपापली कारणं तयार केली, पैशाचं म्हणे, सिलेक्शनचं म्हणे, "काहीतरी केलं असणार त्याशिवाय काढतील का". सर चहाच्या गाड्यावर उभे असताना त्यांच्या मागनं हे बोललेलं मी स्वतः ऐकलंय. अशी कितीतरी वर्षं त्या माणसानं काढली, तरी कॉलेजविरुद्ध एक शब्द काढला नाही.

स्मरणिकेतली जिमखान्याची यादी मित्रानं दाखवली, त्यात सरांचं नाव नाही. ते घाला. ऑफिसात फाईल असेल तर उघडा आणि जे असेल ते सरांना आधी सांगा. सर आता पंच्याहत्तरीत आहेत, गेल्या रविवारी भेटून आलो तर कार्यक्रमाची पत्रिका त्यांना मिळालेली नव्हती. एक पत्रिका द्या, मी नेऊन देतो.