कोकम, आमसूल, सोलं: तीन पानांचं एक पान केल्यानंतर

मावसभावाच्या दुकानाच्या साइटचं काम बरंच पुढे सरकलंय, म्हणून ही नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: दुकान वेंगुर्ल्याकडचं, साइट वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायची प्रणाली). माल म्हणजे सुकवलेलं कोकम, आगळ, अमृत कोकम (साखर घातलेला सरबताचा अर्क), मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) आणि थोडे काजू. मी हे हौसेने करतो. साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल; त्याचे आकडे वाचण्यात माझा जीव रमतो.

कोकमाच्या सुकवलेल्या सालींसाठी साइटवर आधीपासून तीन पानं होती. एक 'कोकम' नावाचं, एक 'आमसूल', एक 'सोलं'. फोटो तेच, वजन तेच, वर्णनात तेवढा शब्द बदललेला. गुगलमध्ये तिन्ही आळीपाळीने दिसायची आणि एकही वर टिकायचं नाही. बाहेरून आलेले दुवेही तिघांत वाटले गेलेले.

एक पान करायचं की तिन्ही सुधारायची, हे मी अंदाजाने ठरवलं नाही. प्रत्येक शब्द खासगी विंडोत शोधला आणि पहिले दहा निकाल शेजारी शेजारी मांडले. नुसतं 'कोकम' शोधलं की फळाची माहिती, सरबताची कृती, औषधी गुण, दुकानं, सगळी सरमिसळ. पण 'कोकम १ किलो किंमत' आणि 'आमसूल १ किलो किंमत' शोधल्यावर बहुतेक निकाल तेच आले. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने गुगल या दोन शब्दांना एकच मागणी समजतं, तर पानही एकच हवं. याउलट 'आगळ' आणि 'कोकम सरबत' यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. सरबताच्या अर्कात साखर असते. ती पानं वेगळीच ठेवली. माझं आता ठाम मत आहे की समानार्थी शब्दांची यादी शब्दकोशातून काढू नये, निकालांच्या पानावरून काढावी.

कुडमपुळीचंही असंच. केरळात माशाच्या कालवणात घालतात ते फळ कोकमाच्याच कुळातलं, पण कोकम नव्हे. पाककृतींमध्ये एकाला दुसऱ्याचा पर्याय सांगतात म्हणून शोधात दोन्ही एकमेकांत मिसळतात. तो शब्द मी पानावर मुद्दाम घेतला नाही. चुकीचं गिऱ्हाईक आणून माल परत येण्यापेक्षा ते न आलेलं बरं.

तर 'कोकम'चं पान ठेवलं आणि बाकी दोन ३०१ ने (म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याची खूण लावून) तिकडे वळवली. कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांतलं मुख्य कोणतं ते सांगणारी खूण) लावूनही चाललं असतं, पण तो गुगलसाठी फक्त इशारा असतो, आणि इथे जुनी पानं ठेवायचं कारणच नव्हतं. ही वळवणी किमान वर्षभर काढायची नाही, शक्यतो कधीच नाही. शीर्षक केलं 'सुकवलेलं कोकम (आमसूल), मीठ लावलेलं, सिंधुदुर्ग'. वर्णनाच्या पहिल्याच परिच्छेदात रातांबा (कोकमाचं फळ) पिकल्यावर साल काढून, रसाचे पुट देत उन्हात कशी वाळवतात ते लिहिलं. त्यात 'सोलं' आणि गोव्याकडचं 'भिरंड' आपोआप आले, कोंबावे लागले नाहीत. कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची न दिसणारी यादी) काही भरलं नाही; क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच सांगितलंय. पाककृतींच्या पानांवरून दुवे देताना मात्र शब्द बदलते ठेवले: सोलकढीतून 'आगळ', आमटीतून 'आमसुलं'.

याचा एक फायदा दुकानाच्या आतल्या शोधाला झाला. तिथला साधा शोध अक्षरशः जुळणारा मजकूरच पाहतो. वर्णनात 'सोलं' नसेल तर सोलं शोधणाऱ्याला रिकामं पान मिळणार, माल समोर असूनही. आतल्या शोधात लोक काय टाइप करतात ते रोज पाहा, गिऱ्हाइकाचे खरे शब्द तिथेच सापडतात. 'आमसुल' ऱ्हस्व लिहिणारेही बरेच आहेत, तेही वर्णनात एकदा घेतलं.

आता आकड्यांबद्दल. एकत्र केल्यावर सुरुवातीला सगळंच डळमळलं, मग हळूहळू स्थिरावलं. 'आमसूल'साठी जे पान गुगलच्या निकालांच्या पहिल्या पानाबाहेर होतं ते आता बहुतेक वेळा आत दिसतं. पण त्याच काळात सर्च कन्सोलमधला पानाचा सरासरी क्रमांक खालावला, आणि इथेच अनेकजण घाबरून बदल उलटवतात. झालं असं की पान अनेक नव्या शब्दांवर दिसू लागलं, तेही चौथ्या-पाचव्या पानावर, आणि त्यांनी सरासरी ओढली. म्हणून आधी पानाची गाळणी (फिल्टर) लावा, मग क्वेरीवर, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांवर, रेजेक्सची (एका नमुन्यात अनेक शब्द पकडणारी): 'कोकम|आमस[ूु]ल|सोल'. प्रत्येक शब्द वेगळा पाहिल्यावर चित्र स्पष्ट होतं. फार कमी शोधल्या जाणाऱ्या क्वेरी गुगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, त्यामुळे गाळणी लावल्यावर बेरीज कमी भरते. त्यात बिघाड काही नाही.

दुसरं म्हणजे हंगाम. 'कोकम' मार्चपासून चढतं आणि पाऊस सुरू झाला की उतरतं, कारण सरबत. 'आमसूल'चा वेगळाच उंचवटा भाद्रपदात दिसला. श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी असते, हे मला लहानपणापासून माहीत, पण आलेखात ते दिसल्यावर फार आनंद झाला. त्यामुळे मेची जुलैशी तुलना करून काही ठरवू नका. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणून मागच्या वर्षीचा तोच काळ समोर ठेवता येतो. जुना डेटा मी दर महिन्याला उतरवून ठेवतो, कारण १६ महिन्यांनंतर तो जातो.

आता मुठेलकडे वळतोय. तिथे गोव्यातले लोक 'भिरंडेल' शोधतात, आपल्याकडचे 'मुठेल', आणि साबण-क्रीम घरी बनवणारे 'कोकम बटर'. पहिले दोन शब्द टाचांच्या भेगांना लावायला वड्या शोधणाऱ्यांचे, तिसरा किलोवर घेणाऱ्यांचा. निकाल तपासले तर तिसऱ्याचे खूपच वेगळे दिसतात. तेव्हा इथे दोन पानं होतील असं वाटतंय: वड्यांचं एक, किलोच्या मालाचं दुसरं. किलोच्या पानासाठी भावाकडून वितळण्याचं तापमान आणि गाळणीची पद्धत लिहून मागवली आहे, कारण क्रीम बनवणारे आधी तेच विचारतात.