सीएच-७ एंजल : थंडीतले अडखळते स्टार्टिंग आणि कार्ब्युरेटरची न टेकणारी स्लाइड

माझ्या सीएच-७ एंजल हेलिकॉप्टरची चौकट, रोटर आणि इंजिनाची ताकद रोटरकडे नेणाऱ्या पट्ट्यांचा ताण यांविषयी आधी लिहून झाले आहे. ही नोंद केवळ इंजिनाची आहे. ऑगस्टो सिकारे यांच्या मूळ आराखड्यावर बेतलेल्या आणि मार्चेल्लो गांदिनी यांनी केबिनला घाट दिलेल्या या एकआसनी हेलिकॉप्टरात रोटॅक्स ५८२ हे दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे. उन्हाळ्यात ते पहिल्या सेल्फला चालू होते. तोरिनोच्या हिवाळ्यात पारा शून्याजवळ उतरला, की मात्र ते एकाच सिलिंडरवर धडधडते, दुसरा मध्येच पकडतो आणि लगेच सोडतो, आणि हे मिसिंग थांबेपर्यंत त्याचे झटके क्लच आणि पट्ट्या यांना सोसावे लागतात.

पहिला संशय बॅटरीवर घेणे रास्त होते, कारण या इंजिनाच्या डुकाटी इग्निशनला ठिणगीची वीज बॅटरीकडून नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून मिळते, आणि सेल्फने इंजिन मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्यांपर्यंत नेले नाही तर ठिणगीच पडत नाही. बॅटरी रात्रभर घरात उबेला ठेवल्यावर इंजिन जोमाने फिरले, पण अडखळणे गेले नाही. मग एक्झॉस्टच्या तापमानाचे दोन्ही काटे पाहत राहिलो : क्लचकडच्या सिलिंडरचा काटा सरळ वर चढत होता, मॅग्नेटोकडचा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. दोन्ही सिलिंडरांचे प्लग आपसांत बदलून पाहिले, गॅप ०.५ मिलिमीटर असल्याची खात्री केली, तरी दोष त्याच सिलिंडराशी राहिला. ठिणगी ठीक होती. पेट्रोल कमी पडत होते.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडराला स्वतःचा बिंग ५४ कार्ब्युरेटर असतो, आणि त्यात हवेची वाट अडवणारी चोकची झडप नसते. तारेने वर उचलला जाणारा एक छोटा प्लंजर जादा पेट्रोलाची वेगळी वाट उघडतो, आणि त्या वाटेने पेट्रोल खेचले जाण्यासाठी थ्रॉटलची स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट मोकळी करणारा भाग, तिला खाली अडवणाऱ्या आयडल स्क्रूवर पूर्ण टेकलेली असावी लागते. ती किंचित जरी वर राहिली, तरी तिच्यामागचा निर्वात कमी होतो आणि चोक ओढलेला असूनही नसल्यासारखा होतो. थंडीत याची झळ अधिक बसते, कारण गार हवेत पेट्रोलाचा थोडाच भाग वाफ होतो आणि टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण सिलिंडरात पोचण्याआधी गार क्रँककेसमधून जात असल्यामुळे बरेचसे पेट्रोल तिथल्या भिंतींनाच चिकटून राहते. दुचाकीवर वाढलेल्या माणसाचा हात सेल्फ मारताना आपोआप मूठ पिळतो, आणि या कार्ब्युरेटरवर ती सवय नेमकी उलटी पडते.

आता हेलिकॉप्टरचा भाग येतो. इथे थ्रॉटलची मूठ कलेक्टिव्हच्या, म्हणजे रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकदम बदलून यंत्र वर-खाली नेणाऱ्या दांड्यावर असते, आणि दांडा उचलताच इंजिनाने थोडी अधिक ताकद द्यावी म्हणून माझ्या यंत्रात दोन्हींची सांगड एका जोडदांडीने घातलेली आहे. पूर्वीच्या मालकाने ही दांडी हवेत स्थिर राहताना मूठ कमी पिळावी लागेल अशी लावली होती, आणि कल्पना वाईट नव्हती. पण कलेक्टिव्ह पूर्ण खाली आणि मूठ बंद असतानाही मॅग्नेटोकडच्या केबलला प्ले, म्हणजे ढिलेपणा, उरत नव्हता. एअर फिल्टर काढून स्लाइडखाली ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा सरकवून पाहिला : क्लचकडच्या स्लाइडखाली तो अडत होता आणि शेजारच्या स्लाइडखालून सहज आरपार गेला. इतक्याशा फटीवर सारा हिवाळा अडला होता!

जोडदांडी थोडी लांबवून दोन्ही केबलांना सुमारे १ मिलिमीटर प्ले दिला. आयडल स्क्रू पूर्ण मागे घेऊन दोन्ही स्लाइड खाली बसवल्या, मग तोच ड्रिल बिट गेज म्हणून वापरून त्या सारख्याच उंचीवर आणल्या, आणि मूठ पिळताच दोन्ही एकाच क्षणी उचलतात याची आरशात खात्री केली. चोकच्या केबलांनाही तेवढाच प्ले ठेवला आहे, कारण तिथे ताण राहिला तर प्लंजरचे रबर नीट टेकत नाही आणि इंजिन गरम झाल्यावरही जादा पेट्रोल झिरपत राहते.

आता हातपंपाचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबायचा, चोक पूर्ण ओढायचा, मुठीवरचा हात काढायचा आणि सेल्फ मारायचा. दोन्ही काटे बरोबरीने चढतात आणि चोक हळूहळू सोडला की इंजिन २००० फेऱ्यांवर स्थिरावते. पाणी ६५ अंशांवर जाईपर्यंत मात्र मी जोर देत नाही, कारण पिस्टन सिलिंडरापेक्षा लवकर तापून फुगतो आणि थंड इंजिन जॅम होण्याची भीती खरी आहे.

हा बदल उडताना वापरून पाहायचा राहिला आहे : जोडदांडी लांबल्यामुळे जमिनीवरून उचलताना मूठ पूर्वीपेक्षा अधिक पिळावी लागणार, आणि रोटरच्या फेऱ्या खाली न घसरू देण्याचा सराव आधी दोरांनी बांधलेल्या यंत्रावर करावा लागेल. त्याआधी कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी रबरी सॉकेट काढून, वाकवून, त्यांना बारीक चिरा आहेत का ते पाहणार आहे, कारण तिथून हवा शिरली तर एक सिलिंडर पुन्हा पेट्रोलाविना राहील.