साठ तासांचं कलम

२०२० च्या मे महिन्यात वापीच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही कामगारांनी लिहिलेला आक्षेपाचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. आक्षेप होता गुजरात सरकारच्या १७ एप्रिलच्या अधिसूचनेवर. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५ चा आधार घेऊन या अधिसूचनेनं २० एप्रिल ते १९ जुलै या काळात दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घ्यायची मुभा दिली होती. सुट्टीशिवाय सलग कामाची मर्यादा पाचवरून सहा तासांवर नेली होती. जादा तासांना दुप्पट दर नव्हता, मजुरी 'प्रमाणात' द्यायची होती. उदाहरणही अधिसूचनेतच दिलेलं होतं: आठ तासांना ८० रुपये असतील, तर बारा तासांना १२० रुपये.

मसुद्यातला मुख्य मुद्दा असा: भारतानं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्या कन्व्हेन्शनला (म्हणजे मान्यता देणाऱ्या देशावर बंधनकारक होणाऱ्या कराराला) १९२१ साली मान्यता दिली आहे, त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, सबब अधिसूचना बेकायदा. हा युक्तिवाद मी अनेक निवेदनांत वाचलेला आहे. कामगार चळवळीच्या पत्रकांतही तो सर्रास येतो. वाचायला झकास, पण समोरच्या वकिलानं कलम १० उघडून वाचलं की तिथल्या तिथे संपतो.

बहुतेक जण मान्यतांच्या यादीत भारताचं नाव आणि तारीख बघतात (१४ जुलै १९२१, तारीख बरोबर आहे) आणि मग थेट कलम २ वर जातात. कलम २ मध्ये ८ आणि ४८ आहेतच. पण जुनी कन्व्हेन्शन्स मधूनच वाचायला घ्यावीत. १९१९ च्या या कन्व्हेन्शनमध्ये कलम ९ ते १३ ही देशवार कलमं आहेत. ९ जपानसाठी: साधारण ५७ तास, कच्च्या रेशमाच्या धंद्यात ६०. ११ मध्ये चीन, इराण आणि सयाम यांना पूर्ण वगळलंय. १२ मध्ये ग्रीसला आणि १३ मध्ये रुमानियाला अंमलबजावणीसाठी वाढीव मुदत. आणि मधलं १० 'ब्रिटिश इंडिया'साठी: त्या वेळी कारखाने कायद्याखाली येणारे उद्योग, खाणी आणि ठरवून दिलेली रेल्वेची कामं यांत आठवड्याला ६० तासांचं तत्त्व. त्याचं शेवटचं वाक्य मसुद्याच्या मुळावर येणारं होतं: इतर बाबतींत हे कन्व्हेन्शन भारताला लागू नाही, भारतातले तास आणखी मर्यादित करण्याचा विचार श्रम संघटनेच्या परिषदेच्या पुढच्या एखाद्या बैठकीत करू.

म्हणजे आठ तासांच्या ज्या करारावर आपली मान्यता नोंदलेली आहे, त्यातले आठ तास आपल्यासाठी नव्हतेच.

ही सवलत आली कुठून? १८९० च्या मार्चमध्ये जर्मन सम्राटाच्या बोलावण्यावरून बर्लिनला परिषद भरली. तिच्यात नुसते ठराव झाले, बंधन काहीच नाही. तरी तिथली स्त्रियांसाठी ११ तास आणि दीड तास सुट्टी ही मोजमापं १८९१ च्या हिंदुस्थानच्या कारखाने कायद्यात उतरली. बर्लिनच्या ठरावांत रविवारची सुट्टीही होती. नारायण मेघाजी लोखंडे ती मुंबईच्या गिरण्यांत १८८४ पासून मागत होते आणि १० जून १८९० ला मिळालीही. १९०६ ला बर्नमध्ये पहिल्यांदा बंधनकारक करार झाले. विषय दोनच: स्त्रियांचं रात्रपाळीचं काम आणि काड्यापेटीतला पांढरा फॉस्फरस. फॉस्फरसचा आपल्याकडचा बंदी कायदा १९१३ चा.

मग व्हर्सायचा तह. त्याच्या तेराव्या भागातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्मली. तहाचं कलम ४०५ म्हणतं की हवामान किंवा उद्योगांची अपुरी वाढ यांमुळे जिथली परिस्थिती वेगळी आहे, तिथे परिषदेनं मानकांत फेरफार सुचवावेत. कलम १० चा उगम इथे आहे. पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ ला वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. यजमान अमेरिका स्वतःच संघटनेची सदस्य नव्हती, कारण सिनेटनं तह मंजूर केला नव्हता. भारतातर्फे सरकारचे दोन प्रतिनिधी, मालकांचे एक आणि कामगारांचे एक, असे चौघे गेले. कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी, मूळचे गोरेगावचे (मुंबईचं नव्हे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं). त्यांना सरकारनंच नेमलं होतं. तहाच्या कलम ३८९ प्रमाणे ही नेमणूक सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीनं व्हायला हवी होती, पण देशपातळीवर तशी संघटनाच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, त्याचं हेही एक कारण.

साठचा आकडा आज लाजिरवाणा वाटतो. पण तेव्हा लागू असलेला १९११ चा कायदा पाहा: कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास. आठवड्याचे सहा दिवस धरले की ७२. गुजरातच्या अधिसूचनेतले दोन्ही आकडे आणि हे आकडे तंतोतंत एकच आहेत. हे लक्षात आलं तेव्हा मसुदा नव्यानं बांधायचा हे ठरलं. ज्या कलम १० मुळे मूळ युक्तिवाद कोसळत होता, तेच आता कामाला येणार होतं: आठ तास नाहीत, पण साठ तर आहेत, आणि ७२ हे साठच्या वर आहेत. ही मान्यता मागे घेतलेली नाही. 'ब्रिटिश इंडिया' या शब्दांवर कुणी बोट ठेवलं तर उत्तर सोपं आहे. भारताचं सदस्यत्व १९१९ पासून अखंड आहे आणि मान्यता आजही भारताच्याच नावावर आहे.

कलम १० चं मधलं वाक्य सहसा कुणी वाचत नाही. ६० च्या मर्यादेत बदल करायचा तर तो कलम ६ आणि ७ च्या चौकटीतच करावा लागतो, असं ते सांगतं. कलम ६ च्या अटी तीन: अपवाद करण्याआधी मालक आणि कामगार या दोघांच्या संघटनांशी सल्लामसलत, जादा तासांची कमाल मर्यादा ठरवून देणं, आणि त्या तासांना किमान सव्वापट दर. कलम ७ प्रमाणे असे अपवाद श्रम संघटनेच्या जिनिव्हातल्या कार्यालयाला कळवायचे असतात. मसुद्यात मी लिहायला लावलं ते एवढंच: सल्लामसलत कोणत्या तारखेला, कोणत्या संघटनेशी झाली याची माहिती द्या.

दराचा मुद्दा तक्त्यात मांडला, कारण शब्दांत तो पसरट होतो. तासाला १० रुपये धरा. अधिसूचनेप्रमाणे ७२ तासांचे ७२० रुपये. कन्व्हेन्शनप्रमाणे ६० तासांचे ६०० आणि वरच्या १२ तासांचे सव्वापटीनं १५०, एकूण ७५०. कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे ४८ तासांचे ४८० आणि वरच्या २४ तासांचे दुपटीनं ४८०, म्हणजे ९६०. देशाच्या कायद्यापेक्षा आठवड्याला २४० रुपये कमी हे तर दिसतच होतं. पण शंभर वर्षांपूर्वी उद्योगांची वाढ अपुरी म्हणून दिलेल्या साठ तासांच्या सवलतीच्या हिशेबापेक्षाही ते ३० रुपयांनी कमी होतं.

मसुद्यात आणखी दोन दुरुस्त्या लागल्या. स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी १९१९ च्या चौथ्या कन्व्हेन्शनचा दाखला दिला होता. भारतानं त्यालाही १९२१ मध्ये मान्यता दिली होती खरी, पण २०१७ च्या परिषदेनं ते कन्व्हेन्शनच रद्द केलंय. दाखला देण्याआधी मान्यतेची तारीख बघायची तशी कन्व्हेन्शनची आजची स्थितीही बघायला हवी. तो परिच्छेद काढला. त्याऐवजी चौदावं कन्व्हेन्शन घातलं: उद्योगांतल्या कामगाराला दर सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती, भारताची मान्यता ११ मे १९२३. बारा तासांची पाळी सात दिवस चालवायचा विचार कुणाच्या मनात असेलच, तर हे उपयोगी पडतं.

दुसरी दुरुस्ती क्रमाची. मसुद्यात कन्व्हेन्शन आधी आणि कायदा शेवटी होता. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदेनं कायदा केला की तो लागू होतो. न्यायालयात कन्व्हेन्शन चालतं ते कायद्याचा अर्थ लावायला. म्हणून पहिलं स्थान कलम ५१ (आठवड्याला ४८), ५४ (दिवसाला ९), ५५ (पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी), ५६ (कामाचा एकूण पसारा साडेदहा तास) आणि ५९ ला. हे ४८ आपल्याला वॉशिंग्टननं दिलेले नाहीत. १९२० च्या संपातून मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला, १९२२ च्या दुरुस्तीनं कायद्यात दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० आले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना १० आणि ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीनं ९ आणि ४८. पुढच्या बैठकीत विचार करू म्हणणाऱ्या परिषदेची वाट बघत बसलो असतो, तर अजून साठावरच असतो.

मुख्य हल्ला कलम ५ वर ठेवला. ते कलम 'सार्वजनिक आणीबाणी'त सूट द्यायची परवानगी देत होतं, पण आणीबाणीची व्याख्याही तिथेच होती: युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षेला निर्माण झालेला गंभीर धोका. पहिल्या कन्व्हेन्शनचं कलम १४ सुद्धा तहकुबीची मुभा युद्धात किंवा राष्ट्राच्या सुरक्षेला धोका असेल तेव्हाच देतं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की साथीच्या रोगामुळे आलेली मंदी त्यांत बसवायला किती ओढाताण करावी लागते, ते कुणालाही दिसतं.

गुजरात मजदूर सभा या कामगार संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑक्टोबर २०२० ला आला. १७ एप्रिलची आणि तिला मुदतवाढ देणारी २० जुलैची, अशा दोन्ही अधिसूचना रद्द झाल्या. महामारीनं ओढवलेली आर्थिक अडचण कलम ५ च्या व्याख्येत बसत नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि त्या काळातल्या जादा तासांचे पैसे कलम ५९ च्या दरानं द्यायला सांगितलं.

निकालानंतर प्रश्न उरला वसुलीचा, आणि तो हजेरीपटावर अडला. बारा तास सिद्ध करायला मुख्य कागद दोन होते: कलम ६१ ची कामाच्या वेळांची नोटीस आणि कलम ६२ चं प्रौढ कामगारांचं रजिस्टर. कायम कामगारांचं बहुधा जमतं. ठेकेदाराच्या कामगारांच्या रजिस्टरवर मात्र पाळी कितीही लांबली तरी आठच तास लागलेले असतात. म्हणून सुधारित मसुद्यासोबत एक सूचना जोडून पाठवली होती: फलकावरच्या नोटिशीचा तारखेसकट फोटो रोज काढा, गेटवरच्या आत-बाहेरच्या नोंदी उतरवून ठेवा, आणि बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद त्या तासांसमोर लिहा.