हाफ डे

"काय, आज हाफ डे का?"

ती बॅग उचलत होती, तेव्हा शेजारचा हसत म्हणाला. घड्याळात साडेपाच. सकाळी सगळ्यांच्या आधी आलेली, डबाही कीबोर्डशेजारीच उरकलेला. पाळणाघराचा फोन वाजत होता. ती काही न बोलता निघाली.

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवडे प्रसूती रजा आहे. बाळाला पाजायला लागणारा वेळही कामाचाच धरायचा, पगारासकट. चांगलंच आहे. पण रजा संपल्यावरची कितीतरी वर्षं? महत्त्वाची मीटिंग कायम सहालाच ठेवायची आणि ती नव्हती म्हणून बढतीत मागे टाकायचं, याची दाद तिने कुठे मागायची?